अपत्याची प्रतीक्षा, पीसीओएसचा आजार आणि पतीची जबाबदारी

सूरह मरियमच्या आरंभी हजरत जकरिया (अलै.) यांच्या दुआचा उल्लेख येतो. हाडे दुबळी झाली होती, केस पिकले होते, पत्नीला मूल होत नव्हते. आणि त्यांनी आपल्या पालनकर्त्याला हाक मारली ती हळू आवाजात. ती हळू का होती, याची जी कारणे तफसीरकारांनी दिली आहेत त्यांपैकी एक असे की, या वयात मूल मागतो म्हणून लोकांनी नावे ठेवू नयेत. मदरशात ही आयत शिकताना त्या हळू आवाजाकडे माझे लक्ष गेले नव्हते. इमामत करू लागल्यावर गेले.

कारण तसा आवाज मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकू येतो. इशाची नमाज होते, लोक पांगतात, आणि एखादा तरुण चपला शोधण्याचे निमित्त करून मागे रेंगाळतो. मागच्या वर्षी पावसाळ्याआधी असाच एकजण थांबला. कुवेतहून सुट्टीवर आलेला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत सोनोग्राफीचा कागद. म्हणाला, “मौलाना, हिच्या पोटात गाठी निघाल्या आहेत. लग्नाला सात वर्षं झाली. घरचे दुसऱ्या निकाहचं बोलतात. शरीअतमध्ये काय आहे?” (त्या दोघांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे, आणि ओळख पटेल असे काही लिहिलेले नाही.)

दुसऱ्या निकाहचा मसला सांगण्याआधी मी त्याला एकच प्रश्न विचारला. सात वर्षांत तुम्ही दोघे एका घरात किती दिवस राहिलात? तो बोटांवर मोजू लागला. सात वर्षांत सहा खेपा, प्रत्येक खेप पंचेचाळीस दिवसांची. हिशेब नऊ महिन्यांचा निघाला.

या हिशेबावरच हा लेख उभा आहे. जोडपे बारा महिने एकत्र राहून, कोणतेही संततिनियमन न करता प्रयत्न करीत असेल आणि तरीही गर्भ राहत नसेल, तर वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणते. मोहल्ला लग्नाची वर्षे मोजतो, डॉक्टर सहवासाचे महिने मोजतात. त्या तरुणाच्या पत्नीला सात वर्षे जे नाव लावले जात होते, ते लावण्याइतका काळ तिच्या संसाराला मिळालाच नव्हता.

समुद्रापलीकडची नोकरी

कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर जो येतो त्याला तिथल्या देवालयाची दंतकथा कोणीतरी सांगतोच. वादळात सापडलेल्या एका परदेशी मुसलमान व्यापाऱ्याची गोष्ट तिच्यात गुंफलेली आहे. तिच्यातले खरे-खोटे इतिहासकारांनी पाहावे. आपल्यापुरते एवढे खरे की या किनाऱ्याचे आणि अरबस्तानाचे येणे-जाणे जुने आहे. पूर्वी तिकडची गलबते इकडे येत, आता इकडची माणसे तिकडे जातात. देवगड, विजयदुर्ग, मालवण या पट्ट्यातील मोहल्ल्यांत कर्ता पुरुष आखातात नाही असे घर शोधावे लागते. जो आखातात नाही तो ट्रॉलरवर असतो आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळातच काय तो सलग घरी सापडतो. घराचे छप्पर, बहिणीचे लग्न, आईचे ऑपरेशन हे सगळे याच कमाईवर होते, हे मी जाणतो. नोकऱ्या सोडून या असे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक प्रसंग या संदर्भात आठवावा. रात्री गस्त घालताना, पती लष्करात गेलेल्या एका स्त्रीचा विरह त्यांच्या कानी पडला. त्यांनी आपली कन्या हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारले की स्त्री पतीवाचून किती काळ राहू शकते. उत्तर मिळाले ते काही रिवायतींत चार महिन्यांचे, काहींत सहा महिन्यांचे. त्यावरून सैनिकांना त्याहून अधिक काळ घरापासून दूर न ठेवण्याचा हुकूम निघाला. फकीहांनी यातूनच काढले की पत्नीच्या संमतीवाचून पतीने दीर्घकाळ दूर राहू नये. ती संमती आपल्याकडे कोणी विचारतो का, हा वेगळा प्रश्न.

आता ज्या स्त्रीला पीसीओएस आहे तिचे गणित पाहा. निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता साधारण चार-पाचात एक असते. नियमित पाळी असलेल्या स्त्रीला नऊ महिन्यांत नऊ संधी मिळतात. जिची पाळी दोन-तीन महिन्यांनी येते तिला फार तर तीन-चार. आणि त्याही पती घरी असतानाच येतील याची खात्री नाही. पतीचे विमान सुटल्यावर आठव्या दिवशी स्त्रीबीज तयार झाले, तर त्याचा उपयोग काय? दोष तिच्या शरीराचा थोडा आणि तिकिटावरच्या तारखांचा अधिक, असे कित्येक घरांत घडत असले पाहिजे.

‘गाठी’ म्हणजे काय

पीसीओएस, किंवा गावच्या तोंडी रुळलेले ‘पीसीओडी’, याचे भाषांतर करताना पहिली चूक होते ती ‘गाठी’ या शब्दाने. गाठ म्हटले की मनात कर्करोग येतो, ऑपरेशन येते. सोनोग्राफीत अंडाशयावर जे ठिपके दिसतात त्या रोगट गाठी नव्हेत. स्त्रीबीज ज्यात वाढते अशा त्या अगदी लहान, पाण्याने भरलेल्या पिशव्या असतात. प्रत्येक महिन्यात त्यांपैकी एक पूर्ण वाढून फुटते आणि बीज बाहेर पडते. या आजारात अनेक पिशव्या थोड्या वाढून तिथेच थांबतात. बीज सुटत नाही, म्हणून पाळी लांबते, आणि कधी महिनोन्‌महिने थांबून मग आली की थांबायचे नाव घेत नाही.

मूळ बिघाड केवळ अंडाशयाचा नसतो. पुष्कळ स्त्रियांत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते, ते वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते, आणि ती संप्रेरके बीजाची वाढ अडवतात. हनुवटीवरचे केस, न जाणारे मुरूम, मानेवरचा काळसर थर, सुटलेले पोट ही त्याच साखळीची बाहेर दिसणारी चिन्हे आहेत. ती आळसाची नव्हेत आणि अस्वच्छतेचीही नव्हेत. सडपातळ स्त्रियांनाही हा आजार होतो, हेही सांगितले पाहिजे. ‘खाऊन बसते म्हणून झाले’ हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे.

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. आज निदान होते ते २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरलेल्या तीन निकषांवर: बीज अनियमित सुटणे, पुरुषी संप्रेरकांची चिन्हे किंवा रक्तातील वाढ, आणि सोनोग्राफीत दिसणारे ते अनेक ठिपके. यांपैकी दोन असली पाहिजेत, आणि थायरॉइडसारखी दुसरी कारणे तपासून बाजूला काढली पाहिजेत. म्हणजे केवळ एका सोनोग्राफीच्या कागदावर निदान होत नाही. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने शहरातील किशोरी आणि तरुणींत केलेली पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. या निकषांनुसार शेकडा २२ हून अधिक जणींत हा आजार आढळला. ज्या घराला वाटते की हे दुर्दैव आपल्याच दारी आले, त्या घराने हा आकडा लक्षात ठेवावा. यांपैकी बहुतेक स्त्रिया आज ना उद्या, काही उपचारांनी तर काही त्यांवाचून, माता होतात.

अविवाहित मुलींच्या आयांसाठी एक सूचना. पहिली पाळी येऊन आठ वर्षे होण्याआधी सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्या वयात असे ठिपके निरोगी मुलींतही दिसतात. तेव्हा त्या कागदाच्या भीतीने सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा निकाह घाईघाईने उरकण्याचा विचार मनातून काढून टाकावा. कायद्याने तो गुन्हा आहेच.

दुआ आणि दवा

‘डॉक्टरकडे धावणे म्हणजे अल्लाहवरचा भरवसा कमी असणे’ असे काही बुजुर्ग प्रामाणिकपणे मानतात. त्यांच्या निष्ठेचा मी आदर करतो, पण प्रेषित मुहम्मद (स.) यांना गावाकडच्या अरबांनी नेमके हेच विचारले होते: आम्ही उपचार करावेत काय? हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या रिवायतीत, जी अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदवली आहे, पैगंबरांनी होकार दिला आणि सांगितले की वार्धक्य सोडून असा आजार नाही ज्याचा उपाय अल्लाहने ठेवलेला नाही. आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहोत; आपल्या मसलकाचे थोर इमाम नववी (रह.) यांनी उपचार घेणे मुस्तहब, म्हणजे पसंतीचे, म्हटले आहे. आपल्या किनाऱ्यावरचा कोणता तांडेल मृगाच्या वाऱ्यात होडी नांगरल्यावाचून सोडून ‘तवक्कुल केला’ असे म्हणेल? तो बिस्मिल्लाह म्हणतो आणि नांगर टाकतो.

उपचारांत पहिली पायरी आहार आणि हालचाल ही आहे, आणि ती सर्वांत कठीण आहे. वजन जास्त असेल तर ते शेकडा पाच ते दहा उतरले तरी अनेकींची पाळी सुधारू लागते. म्हणजे सत्तर किलोच्या स्त्रीला साडेतीन ते सात किलो. त्यासाठी महागडी पावडर नको. उकड्या तांदळाची मोजकी पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, बांगडा आणि तारली हे आपल्या घरचेच अन्न आहे. अडचण आहे ती दिवसातून पाच वेळच्या गोड चहाची, त्याबरोबरच्या खारी-बटरची, आणि दावतीत ‘घे गं, एवढ्याने काय होतं’ म्हणून वाढल्या जाणाऱ्या दुसऱ्या ताटाची. चालण्याचीही अडचण आहे. बाई एकटी किनाऱ्याने चालू लागली की लोक विचारतात, कुठे निघालीस. मग पतीने सुट्टीवर असताना तिच्याबरोबर चालावे. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की प्रवासात पैगंबरांनी त्यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली. पहिल्यांदा त्या जिंकल्या. पुढे त्यांचे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली तेव्हा पैगंबर जिंकले आणि हे त्या वेळचे उत्तर म्हणून हसत म्हणाले. पत्नीचे वजन वाढले म्हणून टोमणा नव्हता, सोबत होती. फज्रनंतर कुणकेश्वरच्या वाळूत पती-पत्नी दोन मैल चालले तर सुन्नतचा सुगंध त्यातही आहे.

औषधांबद्दल घराघरांत जे गैरसमज होतात ते नोंदवतो, कारण त्यांनी संसार पोळले आहेत. मेटफॉर्मिन ही ‘साखरेची गोळी’ म्हणून ओळखली जाते. ती पाहून ‘सुनेला मधुमेह होता, तो लपवला’ असा आरोप होतो. ती येथे इन्सुलिनचे काम सुधारण्यासाठी दिलेली असते. काही वेळा पाळी मार्गावर आणण्यासाठी डॉक्टर काही महिने गर्भनिरोधक गोळ्या देतात. त्यांचे पाकीट सासूच्या हाती लागते आणि ‘हिलाच मूल नको आहे’ असा निकाल लागतो. पतीला उपचाराची माहिती असेल तर हे भांडण उंबरठ्याबाहेर थांबते, नसेल तर त्या स्त्रीच्या बाजूने बोलणारा कोणी उरत नाही.

तिसरे औषध लेट्रोझोल. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाच दिवस घ्यावयाच्या या गोळ्या बीज सुटण्यास मदत करतात. चिठ्ठीवर स्तनाच्या कर्करोगाचा उल्लेख वाचून एक पिता माझ्याकडे घाबरून आला होता. ते औषध मुळात त्या आजारासाठीच निघाले, हे खरे. भारतात ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी आली होती, आणि २०१७ मध्ये ती उठली. दरम्यान २०१४ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रिया होत्या. जुन्या क्लोमिफिन गोळ्यांनी शेकडा १९.१ जणींना जिवंत मूल झाले, लेट्रोझोलने २७.५ जणींना. आज या आजारात बीज सुटण्यासाठी पहिले औषध म्हणून त्याचीच शिफारस होते. अर्थात ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे, दुकानातून नुसते मागून नव्हे. गोळ्या संपल्यावर साधारण अकराव्या-बाराव्या दिवसापासून बीजाची वाढ सोनोग्राफीने पाहतात आणि त्यावरून सहवासाचे दिवस सांगतात. नवव्या दिवशी पती विमानात बसला तर ती फेरी वाया गेली.

म्हणून सुट्टीचे नियोजन हा उपचाराचाच भाग आहे. रक्ताच्या तपासण्या, वजन, मेटफॉर्मिन, फॉलिक अॅसिड हे सगळे पत्नीने तो येण्याआधीच्या महिन्यांत सुरू करावे, म्हणजे तो आल्यावर वेळ मोडत नाही. शक्य असेल त्याने दोन सुट्ट्या जोडून एकदाच तीन महिन्यांची घ्यावी, किंवा पत्नीला तिकडे नेण्याची खटपट करावी. ट्रॉलरवाल्यांसाठी बंदीचे दोन महिने आहेतच.

आणि पहिल्याच आठवड्यात त्याने स्वतःची तपासणी करून घ्यावी. ज्यांना मूल होत नाही अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूचे कारण, एकटे किंवा जोडीने, असते. वीर्याची तपासणी स्त्रीच्या कोणत्याही तपासणीपेक्षा सोपी, स्वस्त आणि वेदनारहित आहे, तरीही ती सर्वांत शेवटी होते. नमुना देण्याबाबत संकोच वाटतो त्यांनी जाणावे की पत्नीच्या साहाय्याने तो घेणे जाइज आहे आणि उपचाराच्या गरजेपोटी उलमांनी यात सवलत दिली आहे. मी मराठीचा विद्यार्थी, म्हणून एक गोष्ट मनाला लागते. ‘वांझ’ हा शब्द आपल्या बोलीत स्त्रीलाच चिकटतो. पुरुषाला तो कोणी लावलेला मी ऐकला नाही. सूरह अश-शूरा (४२:४९-५०) मध्ये मात्र अल्लाह ज्याला इच्छितो त्याला निरपत्य ठेवतो असे म्हणताना जो ‘अकीम’ शब्द आला आहे, तो स्त्री आणि पुरुष दोघांना सामावून घेतो. त्याच ठिकाणी देणगीचा क्रम सांगताना मुलींचा उल्लेख मुलांच्या आधी आहे, हेही तफसीरकारांनी टिपले आहे.

पाळी, नमाज आणि रोजा

या आजारात नमाजाचा प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारायला स्त्रिया लाजतात. हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) लाजल्या नाहीत. रक्त थांबतच नाही, मी नमाज सोडू काय, असे त्यांनी थेट पैगंबरांना विचारले. त्यांना सांगण्यात आले की हे एका रगेचे रक्त आहे, हैज नव्हे. हैजचे दिवस आले की नमाज थांबवावी, ते सरले की धुऊन नमाज पढावी. अन्सारी स्त्रियांना धर्मज्ञान मिळवण्यापासून लज्जेने अडवले नाही, अशी प्रशंसा हजरत आयेशा (रजि.) यांनी केली आहे.

शाफई मसलकात हैजची किमान मुदत एक दिवस-रात्र आणि कमाल पंधरा दिवस आहे. दोन हैजांमध्ये किमान पंधरा दिवसांची पाकी असते, पाकीला कमाल मर्यादा नाही. (हनफी भगिनींसाठी हैज किमान तीन, कमाल दहा दिवस.) म्हणजे तीन महिने पाळी आली नाही तर त्या तीनही महिन्यांत नमाज फर्ज आहे. आणि पाळी आली ती पंधरा दिवस ओलांडून चालूच राहिली, तर त्यात इस्तिहाजा मिसळला आहे. अशा वेळी रक्ताच्या रंगात गडद आणि फिके असा स्पष्ट फरक असेल तर, ठराविक अटींसह, गडद ते हैज. फरक नसेल तर मागच्या सवयीइतके दिवस हैज धरून गुस्ल करावे आणि त्यापुढे सुटलेल्या नमाजांची कजा करावी. इस्तिहाजाच्या काळात प्रत्येक फर्जची वेळ झाल्यावर जागा धुऊन, पॅड बदलून वुजू करावा. नमाज होते, रोजा होतो, पती-पत्नीचा सहवासही जाइज आहे. गोळी घेऊन आणलेली पाळीही अटी पूर्ण करीत असेल तर हैजच होय. ‘थांबेपर्यंत नमाज सोड’ असे सरसकट सांगणाऱ्या बायका प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, आणि त्यामुळे किती नमाजा बुडाल्या असतील ते अल्लाह जाणे. कॅलेंडरवर तारखा लिहून ठेवाव्यात. त्या मुफ्तींनाही लागतात आणि डॉक्टरांनाही.

रमजानमध्ये आतून करावयाच्या सोनोग्राफीने शाफई मसलकात रोजा तुटतो. म्हणून ती इफ्तारनंतरची मागून घ्यावी, ते जमत नसेल तर उपचारासाठी त्या दिवसाचा रोजा पुढे कजा करावा. शक्य तिथे स्त्री डॉक्टर पाहावी. न मिळाल्यास गरजेपुरती सवलत आहे. पती किंवा एखादी स्त्री सोबत असावी. तारामुंबरी-मिठमुंबरी पूल झाल्यापासून कुणकेश्वरहून देवगड जवळ आले आहे, पण या उपचारांसाठी बहुतेकांना कणकवली, कोल्हापूर किंवा गोवा गाठावे लागतेच.

टेस्ट ट्यूब बेबीविषयी

गोळ्यांनी, इंजेक्शनांनी काम झाले नाही तर ही वाट राहते. पीसीओएसच्या बहुतेक स्त्रियांवर ती वेळ येत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशा रीतीने बाळ जन्मले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने यावर ठराव केला. तिथे सात पद्धतींचा विचार झाला. पाच हराम ठरल्या, कारण त्यांत परक्याचे बीज, परक्याचे वीर्य किंवा परक्या स्त्रीचा गर्भाशय येतो. दोन पद्धतींना गरजेच्या वेळी, पूर्ण दक्षतेसह, मुभा मिळाली: पतीचे वीर्य आणि पत्नीचे बीज बाहेर एकत्र आणून पत्नीच्याच गर्भाशयात ठेवणे, आणि पतीचे वीर्य पत्नीच्या शरीरात सोडणे. निकाह टिकून असताना, दोघांच्या हयातीत, तिसऱ्या कोणाचाही अंश न आणता. दवाखाना २०२१ च्या कायद्याखाली नोंदलेला आहे ना, हे पाहावे. या आजारात इंजेक्शनांनी अंडाशय अति सुजण्याचा धोका अधिक असतो, तो डॉक्टरांना आधीच विचारावा. मुलगाच हवा म्हणून निवड करणे कायद्याने गुन्हा आहे. खर्च मोठा असतो. त्यासाठी व्याजाचे कर्ज काढणे म्हणजे एका दुआपायी दुसरे पाप ओढवून घेणे. अशा जोडप्यांना जमातीने कर्ज-ए-हसन द्यावे, एवढी सूचना मी आमच्या जमातीपुढे दोनदा मांडली आहे. तिसऱ्यांदाही मांडीन.

तावीज आणि आमिलांबद्दल अधिक लिहीत नाही. कुरआन पढून दम करणे जाइज आहे, मी स्वतः करतो, आणि त्याचे पैसे घेत नाही. पण अकरा हजार रुपये घेऊन ‘बंधन’ तोडणाऱ्याने मेटफॉर्मिन बंद करायला लावले आणि पुड्या दिल्या, असे एक उदाहरण मी पाहिले आहे. त्या पुड्यांत काय होते, ते देणाऱ्यालाही ठाऊक नसावे.

आता दुसऱ्या निकाहचा प्रश्न, ज्यापासून सुरुवात झाली. शरीअतने अदल म्हणजे न्यायाच्या अटीवर त्याची मुभा दिली आहे, हे मी त्या तरुणापासून लपवले नाही. पण मुभा ही धमकी नव्हे. जी स्त्री गोळी घेते, भूक मारते, सुईखाली हात देते, तिच्यासमोर जेवताना ‘दुसरी आणू’ म्हणणे हा जुलूम आहे. हजरत आयेशा (रजि.) यांना अपत्य नव्हते. आपल्या साऱ्या सख्यांना मुलांवरून कुनियत आहे, मला नाही, असे त्या म्हणाल्या तेव्हा पैगंबरांनी त्यांना भाच्याच्या, अब्दुल्लाह बिन जुबैर यांच्या, नावावरून ‘उम्मे अब्दुल्लाह’ ही कुनियत दिली. त्या घरात त्यांची किंमत कधी मुलांवर मोजली गेली नाही, आणि दोन हजारांवर हदीसी या उम्मतला त्यांच्याकडून मिळाल्या.

त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत बसलो. दुसऱ्या आठवड्यात त्याने आपली तपासणी करून घेतली; शुक्रजंतूंची हालचाल कमी निघाली. तो अहवाल त्याने स्वतः आईला वाचून दाखवला. मी तिथे नव्हतो, पण त्यानंतर त्या घरात निकाहचा विषय निघाला नाही एवढे मला कळले. तो सिगारेट सोडून कुवेतला गेला. पत्नीने वर्षभरात सहा किलो वजन उतरवले. मागच्या पाच महिन्यांत तिची पाळी चारदा आली, आणि नमाजाच्या दिवसांची खूण ती माझ्या पत्नीने दिलेल्या कॅलेंडरवर करते. या खेपेस तो साडेतीन महिन्यांच्या सुट्टीवर आला आहे. त्यातला एक महिना बिनपगारी. सध्या लेट्रोझोलची दुसरी फेरी चालू आहे. सोनोग्राफी बारा तारखेला आहे. परतीचे तिकीट त्याने अजून काढलेले नाही.